हर्क्युलिस आणि युरेनियम

उघडाबंब पैलवान, पायांत चामडी वहाणा, हातात तलवार आणि एका धक्क्यात कोसळणारे पुठ्ठ्याचे खांब! १९५८ साली स्टीव्ह रीव्हज या अमेरिकन शरीरसौष्ठवपटूचा 'हर्क्युलिस' इटलीत निघाला, तुफान चालला आणि पुढची सहा-सात वर्षं तिथे अशा चित्रपटांचा नुसता पूर आला. पुराणकथा पुरेनात, तेव्हा लेखकांनी सरळ विज्ञानाला हात घातला. १९६४ च्या एका चित्रपटात तर डोंगरात दडलेले चांद्रवासी पोरांचे बळी मागतात! नायक मूळचा माचिस्ते. पण अमेरिकेत त्याला कोण ओळखणार? तिकडे त्याचाही हर्क्युलिस झाला.

हसून सोडून द्यावेत असेच यांतले बरेचसे. पण व्हित्तोरिओ कोत्ताफावी यांचा १९६१ चा 'हर्क्युलिस आणि अटलांटिस' मला तसा सोडवत नाही. यातला हर्क्युलिस, म्हणजे रेग पार्क, चक्क आळशी आहे. खानावळीत मारामारी जुंपलेली असताना हा पठ्ठ्या निवांत जेवतो! मित्र त्याला अटलांटिसला नेतो. तिथल्या राणीकडे युरेनस देवाच्या रक्तातून झालेला एक दगड आहे. बेटावरची मुलं त्याच्यासमोर नेतात. जी टिकतात ती सोनेरी केसांचे, एकाच चेहऱ्याचे अजिंक्य सैनिक होतात; उरलेली विद्रूप होऊन खड्ड्यात खितपत पडतात.

आता युरेनियमचं नाव युरेनस ग्रहावरूनच पडलं, १७८९ साली. प्रेक्षकांना वेगळं सांगायची गरजच नव्हती. मुसोलिनीची राजवट आणि महायुद्ध सोसलेला तो देश. हिरोशिमाला जेमतेम सोळा वर्षं झालेली. एकसारख्या सोनेरी सैनिकांची ती रांग पाहताना इटलीतल्या माणसाला काय आठवलं असेल? गंभीर चित्रपटाने हे मांडलं असतं, तर किती जण तिकीट काढून गेले असते, शंकाच आहे.

१९६४ मध्ये सर्जिओ लिओनेंचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' आला आणि निर्माते वहाणा टाकून घोड्यांच्या मागे लागले. लिओनेसुद्धा याच तालमीतले. 'कलोसस ऑफ ऱ्होड्स' त्यांचाच, १९६१ चा.

आपल्याकडे ही जागा दारा सिंग यांनी घेतली. 'किंग काँग', 'सॅमसन', 'हर्क्युलिस' झाले, आणि १९६७ च्या 'चाँद पर चढाई'त ते थेट चंद्रावर पोचले. आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षं आधी!