काल्पनिक दप्तराची शिवण



हातानं पुस्तकं बांधणाऱ्यांच्या या मेळाव्यात मी आज एका वादग्रस्त कामाची बाजू घेणार आहे. जी माणसं कधी जन्मलीच नाहीत त्यांची पत्रं, हिशेबवह्या, फोटो, पावत्या तयार करायच्या, त्या बांधायच्या, त्यांना क्रमांक द्यायचे आणि ‘हे दप्तर’ म्हणून वाचकापुढे ठेवायचं. ही कला की बनावटगिरी, असं विचारलं जातं आणि विचारणाऱ्याचा राग समजण्यासारखा आहे. वतनासाठी खोटे कागद तयार करण्याची विद्या आपल्या मुलखाला नवी नाही. पण दोहोंतला फरक कागद किती हुबेहूब आहे यावर ठरत नाही, असं माझं म्हणणं आहे. बनावट कागदाला तपासणी नको असते. काल्पनिक दप्तर मात्र तपासलं जावं म्हणूनच बांधलेलं असतं.

‘श्टर्न’ या जर्मन साप्ताहिकानं एप्रिल 1983 मध्ये हिटलरच्या रोजनिश्या सापडल्याचा गाजावाजा केला. सुमारे साठ वह्या होत्या आणि त्या कोनराड कुयाउ नावाच्या माणसानं लिहिल्या होत्या. जुनेपणा आणायला त्यानं पानांवर चहा ओतला होता. पुढच्याच महिन्यात जर्मन अभिलेखागारानं निकाल दिला. कागदात महायुद्धानंतर वापरात आलेलं पांढरेपणा आणणारं रसायन होतं, आणि बांधणीच्या दोऱ्यात पॉलिएस्टर. मोठमोठ्यांना अक्षरानं चकवलं होतं, पण जुजबंदीच्या दोऱ्यानं खरं सांगून टाकलं. आपल्या धंद्यातल्या माणसाला याचं समाधान वाटायला हरकत नाही. जाता जाता एक सांगतो. तो चहा आपल्या कार्यशाळांतून अजून गेलेला नाही. चिंध्यांच्या लगद्याचा, नीट घोटलेला कागद दोनशे वर्षांनीही बऱ्यापैकी उजळ राहतो. झपाट्यानं पिवळं पडतं ते लाकडाच्या लगद्याचं वर्तमानपत्र. तेव्हा पेशवाईतलं म्हणून दाखवायचं पत्र चहात बुडवणाऱ्यानं पेशवाईतला कागद हातात घेतलेला नसतो, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आता याउलट, उघडपणे काल्पनिक असलेल्या दप्तराचं उदाहरण म्हणून वालिद राद या लेबनानी कलावंताचं काम पाहा. 1989 ते 2004 या काळात त्यानं ‘द ॲटलस ग्रुप’ या नावानं लेबनानच्या यादवी युद्धाचं एक अभिलेखागारच उभं केलं. त्यात फद्ल फाखूरी नावाच्या इतिहासकाराच्या 226 वह्या आहेत. हा इतिहासकार कल्पित आहे. एका वहीत मोटारींची कात्रणं चिकटवली आहेत आणि शेजारी अरबीत नोंदी आहेत. ज्या मोटारींतून बाँब फोडले गेले त्यांच्याशी कंपनी, मॉडेल आणि रंग जुळणाऱ्या या मोटारी. दुसऱ्या वहीत शर्यतीच्या घोड्यांचे, वर्तमानपत्रात छापून येणारे फोटो आहेत. वहीची कथा अशी की बैरूतचे इतिहासकार दर रविवारी रेसकोर्सवर जमत आणि पैज लावत, ती घोड्यावर नव्हे, तर छायाचित्रकारावर: घोडा रेषेवर येण्याच्या किती आधी किंवा किती नंतर तो कळ दाबेल? फोटोत घोडा कधीच नेमका रेषेवर नसतो. इतिहासकाराच्या कामाबद्दल एवढं नेमकं विधान खऱ्या दप्तरात शोधून मिळालं नसतं. ते रचावंच लागलं, आणि तेही वहीच्या रूपात, कारण पान उलटून अंतर मोजत बसण्याचा चाळा वहीतच शक्य आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं आहे. शेरिल डन्य या दिग्दर्शिकेला 1930 च्या दशकातल्या कृष्णवर्णीय अभिनेत्रींचा माग काढायचा होता. मोलकरणींच्या भूमिका करणाऱ्या या बायकांची नावं कित्येकदा श्रेयनामावलीतही नसत. जे उरलंच नव्हतं ते झोई लेनर्ड या छायाचित्रकर्तीनं घडवलं. फे रिचर्ड्स या कल्पित अभिनेत्रीचे बालपणापासून म्हातारपणापर्यंतचे ऐंशीच्या आसपास फोटो, कडा दुमडलेले, डाग पडलेले, सोबत टंकलिखित टिपा. 1996 च्या ‘द वॉटरमेलन वूमन’ या चित्रपटात ते वापरले आणि शेवटी पडद्यावर सरळ सांगितलं की ही बाई कल्पित आहे. ती कबुली वाचल्यावर प्रेक्षक परत त्या फोटोंकडे वळतो आणि विचारतो: मग खऱ्या बाईचे फोटो का नाहीत?

यावर इतिहासाच्या अभ्यासकांचा आक्षेप असा की रचण्यापेक्षा शोधा. हा आक्षेप मला पुष्कळसा मान्य आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. महसुली रुमालांत ज्यांचा आवाज नाही त्यांचा आवाज असा मिळत असेल, तर तिथं काल्पनिक वही शिवणं हा आळस ठरेल. रचण्याचा हक्क शोधून थकल्यावरच मिळतो, आणि शोधाची नोंदही त्याच बांधणीत हवी.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. पुस्तकातली कबुली पुस्तकातच राहते. एका पानाचा फोटो मोबाइलवरून फिरू लागला की कबुली गळते आणि पुरावा उरतो. रादचाही अनुभव असा की, हे सगळं कल्पित आहे असं तोंडानं सांगूनही ते श्रोत्यांपर्यंत पोचतंच असं नाही. जलचिन्ह, शेवटच्या पानावरची टीप, मुद्दाम चुकवलेली तिथी, यांतलं काहीही मोबाइलपुढे टिकणार नाही. म्हणून बंधन विषयावरच घालायला हवं. खऱ्या घराण्याचं, खऱ्या लढाईचं, ज्यावर आज कुणी हक्क सांगेल असं काहीही रचू नये. ग्रंथालयांनीही असं पुस्तक इतिहासाच्या कपाटात न ठेवता कलाकृतींत नोंदवावं. यानं आपलं क्षेत्र आखडतं, हे खरं. पण जे उरतं ते थोडं नाही. एखाद्या गावच्या सुईणीचं दप्तर घ्या. त्यावर कुणाचं वतन ठरत नाही. मात्र बांधायला बसलं की पहिल्याच पानावर अडतं. तिला लिहिता येत नसणार. मग या नोंदी कुणाच्या अक्षरात? कुलकर्ण्यानं लिहिल्या म्हटलं तर मजकूर बदलेल, नातवानं लिहिल्या म्हटलं तर मोडीऐवजी देवनागरी येऊन लिपीही बदलेल. आणि तिनं स्वतःच दोऱ्याला गाठी मारून हिशेब ठेवला असं धरलं, तर त्या पुस्तकात शाई लागणारच नाही. दुपारच्या सत्रातल्या मंडळींनी यातला एक पर्याय निवडून, का निवडला ते सांगावं, अशी माझी विनंती आहे.