काळं सारवण

पंधरा वर्षांपूर्वी आई पहिल्यांदा आमच्याकडे न्यू जर्सीला आली, तेव्हा मी ड्राइव्ह-वेवर सीलकोट पसरत होतो. गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून ती बघत बसली होती. लांब दांड्याची रबरी पट्टी ओढत मी मागे मागे सरकत होतो, हात कोपरापर्यंत काळे झालेले. बराच वेळ काही न बोलता बसल्यावर ती म्हणाली, ‘‘अरे, हे तर सारवणच की! नुसतं काळं.’’ आणि लगेच, ‘‘पण भेगा न बुजवताच सारवायला घेतलंस?’’

रत्नागिरीकडच्या अंगणात जिनं उभा जन्म पोतेरं फिरवलं, तिला हे विचारायला डब्यावरच्या सूचना वाचाव्या लागल्या नाहीत. मी मात्र त्या वाचूनही सोडून दिल्या होत्या.

आपला ड्राइव्ह-वे म्हणजे काय, तर खडी, वाळू आणि त्यांना धरून ठेवणारं डांबर. हे डांबर वजनानं शंभरात पाच-सहा भाग, बाकी सगळा दगडच. ऊन आणि हवा त्या पाच-सहा भागांच्या मागे लागतात. डांबरातला चिकटपणा जातो, ते कडक होतं, काळा रंग करडा पडतो आणि बारीक भेगा दिसू लागतात. मग पाणी आत शिरतं. पाण्याचं बर्फ होताना ते सुमारे 9 टक्के फुगतं. आपल्याकडच्या जानेवारी-फेब्रुवारीत दुपारी वितळायचं आणि रात्री पुन्हा गोठायचं, असं कितीतरी वेळा होतं. प्रत्येक वेळी भेगेत जणू पाचर ठोकली जाते. मार्चमध्ये खड्डा दिसतो आणि आपण त्या एका हिवाळ्याला दोष देतो. खरं तर तो तीन-चार वर्षं तयार होत असतो.

सीलकोट या सगळ्यावरचा एक पातळ पापुद्रा आहे. तो ऊन अडवतो, पाणी अडवतो, गाडीतून ठिबकणारं तेल काही प्रमाणात अडवतो. तो बळ देत नाही. खचलेली जमीन सारवून सपाट होत नाही, तसंच हे. ड्राइव्ह-वेवर कुठे एकमेकांना जोडलेल्या भेगांची दाट जाळी दिसली (इथले लोक तिला मगरीची कातडी म्हणतात), तर खालचा पायाच बसला आहे असं समजा. तेवढा तुकडा कापून पुन्हा भरावा लागतो. त्यावर डबेच्या डबे ओतले तरी ती कातडी काळी होते एवढंच.

काम करायचं तर आईच्या क्रमानं. आधी झाडणं. भेगांत उगवलेलं गवत मुळासकट काढायचं, लीफ ब्लोअरनं धूळ उडवायची. तेलाचे डाग साबणानं घासून काढायचे, कारण तेलावर सीलकोट धरत नाही. ताज्या तेलावर मांजरांसाठी मिळणारी माती पसरून ठेवली तर ती बरंचसं शोषून घेते. मांजर नसलेल्या आमच्या घरात तिची गोणी वर्षानुवर्षं त्याच कामासाठी आहे. मग भेगा. पाव इंचापेक्षा रुंद भेगेत रबर मिसळलेलं भरण घालायचं आणि ते सुकू द्यायचं. इतकं झालं की खरं काम संपलंच म्हणा.

डबा नीट ढवळा, तळाशी वाळू बसलेली असते. उताराच्या वरच्या बाजूनं सुरुवात करा. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर कधीही चांगले. रात्रीचं तापमान 10 अंश सेल्सिअसच्या, म्हणजे 50 फॅरनहाइटच्या खाली जायला नको आणि निदान चोवीस तास पाऊस नको. त्यामुळे मेअखेर ते सप्टेंबर एवढाच काळ आपल्या हाती राहतो. गाडी दोन दिवस रस्त्यावर. आणि नवा ड्राइव्ह-वे घातला असेल, तर सहा महिने ते वर्षभर त्याला हातसुद्धा लावू नका. आतली तेलं उडून तो मुरायला हवा.

आता माझी चूक सांगतो. काळाभोर ड्राइव्ह-वे दिसायला इतका देखणा, की मी ओळीनं चार वर्षं दर उन्हाळ्यात थर चढवला. गणपतीला माणसं यायची, म्हणायची, कालच केल्यासारखा दिसतो! पाचव्या वर्षी पोपडे सुटायला लागले. जाड झालेला थर स्वतःच तडकतो आणि तडकला की जुन्याला घेऊनच उठतो. जुनं कोरडं होऊन झिजलं की मगच नवा हात द्यायचा. इथे त्याचा हिशेब साधारण दोन-तीन वर्षांचा. पाणी टाकून बघा. थेंब वर थांबत असतील तर तुमचा शनिवार मोकळा आहे.

डांबर या आपल्या शब्दाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तो दोन वेगळ्या पदार्थांना एकच नाव देतो. एक पेट्रोलियमचा गाळ, दुसरा दगडी कोळशापासून निघणारा. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, म्हणजे नॅप्थलीन, मूळच्या त्या दुसऱ्या घराण्यातल्या. सीलकोटही दोन्ही घराण्यांचे मिळतात. कोळशाच्या डांबराचा जास्त टिकतो, पेट्रोल सांडलं तरी विरघळत नाही, म्हणून अमेरिकेच्या पूर्व भागात तोच फार चालला. पण त्यात पीएएच नावाची रसायनं असतात, त्यांतली काही कर्करोग घडवणारी. आणि त्यांचं प्रमाण पेट्रोलियमच्या सीलकोटपेक्षा सुमारे हजार पट. थर झिजतो, त्याची पूड पावसाबरोबर ओढ्यात आणि बुटांबरोबर घरात जाते. टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात ओढ्यांच्या गाळात हे सापडलं आणि तिथं 2006 पासून त्यावर बंदी आली. पुढे 2011 मध्ये वॉशिंग्टन राज्यानं आणि 2014 मध्ये मिनेसोटानं तेच केलं. डबा घेताना, कंत्राटदाराशी बोलताना ‘कोल टार आहे का’ हे सरळ विचारा. ज्यांच्या अंगणात रांगती मुलं आहेत त्यांनी तर दोनदा विचारा. आणि उघडलेल्या डब्याला आजीच्या ट्रंकेचा वास आला, तर झाकण लावा.

कंत्राटदाराचा विषय निघालाच आहे. वसंतात दारावर एक ट्रक येतो. ‘शेजारच्या गल्लीत काम केलं, माल उरलाय, अर्ध्या पैशांत करून देतो.’ आमच्याकडेही आला होता. दीड तासात सगळं काळं झालं, पैसे रोख घेतले. पहिल्या जोराच्या पावसानंतर माझा ड्राइव्ह-वे करडा आणि समोरची गटार काळी. पाणी घातलेला माल होता. फोन लावला तर नंबर बंद. न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराला राज्याच्या ग्राहक विभागाकडे नोंदणी करावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागायला मला त्या दिवशी संकोच वाटला, त्या संकोचाची किंमत साडेतीनशे डॉलर.

हिवाळ्याचं थोडक्यात सांगतो. बर्फ ओढायचं फावडं प्लॅस्टिकचं घ्या किंवा त्याला रबरी कड तरी असू द्या. उभ्या गाडीचं स्टिअरिंग जागच्या जागी गरगर फिरवू नका, टायर पृष्ठभाग खरवडतात. कडेवर चाक चढवू नका. बाजूला मातीचा आधार नसला की कड तुटते.

आई पहिल्यांदा आली त्या वर्षी तिचं ऐकून मी अर्धं काम थांबवलं, भेगा भरल्या आणि उरलेलं आठवड्यानं केलं. त्यामुळे हरतालिकेच्या संध्याकाळी शेवटचा थर ओलाच राहिला. दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर, ड्राइव्ह-वेच्या तोंडाशी दोन खुर्च्यांना बांधलेली सुतळी, आणि गणपती लॉनवरून आत आले. आई ताम्हन घेऊन दारात उभी होती. मूर्ती घेऊन आलेल्या माझ्या मुलाच्या पायांवर पाणी घालताना तिनं आधी त्याचे तळवे वर करून बघितले.