पत्र झाकलेले, कुलूप उघडे

(सुवर्णमहोत्सवानिमित्त हातोद येथे दिलेले व्याख्यान)



फोनवरील निरोपांची गुप्तता आणि मोकळे सॉफ्टवेअर या दोन गोष्टींवर बोलावे, अशी आज्ञा चिटणिसांनी आम्हांस केली आणि लगेच पुस्ती जोडली की, राजकारण आणू नये. आम्ही होकार दिला खरा. पण विषयच असा आहे की, राजकारण मागल्या दाराने आत येऊन बसते. त्यास आमचा इलाज नाही.

आपल्या पंगतींतून या विषयावर दोन मते नेहमी ऐकू येतात. ज्याच्या मनात पाप नाही त्यास पत्र झाकण्याचे कारण काय, हे एक. आणि फुकट मिळणारे सॉफ्टवेअर धड कोठून असणार, हे दुसरे. दोन्ही मते शहाण्या माणसांच्या तोंडची आहेत, म्हणूनच ती तपासून पाहावीशी वाटतात.

पहिल्या मताच्या वेळी आम्हांस पानिपताचे पत्र आठवते. साल १७६१, महिना जानेवारी. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. ग्रँट डफच्या इतिहासाप्रमाणे, ते आपल्या या नर्मदेवर असताना त्यांस एक कासीद भेटला. तो सरकारी नव्हे, सावकारांचा. नऊ दिवसांत औरंगाबादेस पत्र पोचविण्याची त्याची बोली होती. पेशव्यांनी पत्र फोडले. आत मोत्यांचा, मोहरांचा आणि खुर्द्याचा हिशेब होता. दोन मोती गेल्याचे, सत्तावीस मोहरा हरवल्याचे त्यात लिहिले होते आणि खुर्द्याची तर मोजदादच नव्हती. परक्यास वाटावे, कोणा जवाहिऱ्याचा तोटा झाला. पण दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, हे उमगण्यास पेशव्यांस वेळ लागला नाही.

त्या सावकाराच्या मनात कोणते पाप होते? आपल्या पेढीस आधी कळावे आणि वाटेत चारचौघांत बोभाटा होऊ नये, एवढाच त्याचा हेतू असणार. ती बातमी बाजारात फुटती, तर कित्येकांच्या हुंड्या एका दिवसात रद्दी झाल्या असत्या. जोखीम अंगावर असलेला माणूस पत्र झाकतोच. वकील झाकतो, वैद्य झाकतो, मुलीचे स्थळ पाहणारा बापही झाकतो.

मात्र सावकाराची सांकेतिक भाषा कच्ची होती. पानिपतास कोण गेले होते हे ज्याला ठाऊक, त्यास किल्लीची गरजच पडली नाही. त्याहून पक्का प्रयत्न महानुभाव पंथाने केला होता. आपले ग्रंथ त्यांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. मराठीतील आद्य गद्यचरित्र जे लीळाचरित्र, तेही कित्येक शतके सामान्य मराठी वाचकाच्या दृष्टीआड राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली, आणि एक पोथी वाचता आली तशी त्या लिपीतील दुसरीही वाचता येऊ लागली. मराठी भाषेचा तो मोठा लाभच झाला. परंतु कुलूप म्हणून पाहिले तर दोष स्पष्ट दिसतो. सारी भिस्त कुलपाची रचना लपविण्यावर असेल, तर रचना एकदा कळताच घरोघरची दारे उघडतात.

ऑगुस्त केर्कहॉफ्स या पंडिताने १८८३ मध्ये नेमके हेच सांगितले. कुलपाची रचना शत्रूस कळली तरी बिघडू नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. आजचे निरोप याच तत्त्वावर झाकले जातात. आपल्या देवळातील दानपेटी डोळ्यांपुढे आणावी. पेटीत पैसे कोणीही टाकू शकतो, काढू मात्र किल्लीवालाच शकतो. आपला फोन अशी एक पेटी जगापुढे ठेवतो आणि किल्ली आपल्यापाशी राखतो. मध्ये निरोप वाहून नेणाऱ्या कंपनीसही तो वाचता येत नाही.

येथे पंगतीतील दुसरे मत उभे राहते. ही पेटी खरोखर अशीच आहे, हे आपणांस कोणी सांगितले? सिग्नल या ॲपची रचना कोणीही वाचून तपासू शकतो, कारण ते मोकळे सॉफ्टवेअर आहे. व्हॉट्सॲपने २०१६ पासून सर्व निरोपांस सिग्नलचीच पद्धत लावली, ही चांगली गोष्ट. पण व्हॉट्सॲपची स्वतःची रचना तशी सर्वांपुढे मांडलेली नाही, आणि कोण कोणाशी केव्हा बोलले ही माहिती त्या पद्धतीने झाकली जात नाही. मोकळ्या सॉफ्टवेअरला 'फुकट' म्हणणे म्हणजे सार्वजनिक ट्रस्टच्या हिशेबास 'रद्दी' म्हणण्यासारखे आहे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ही चळवळ उभी केली ती पैसे वाचविण्यासाठी नव्हे, तर वापरणाऱ्यास आतले पाहण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्क असावा म्हणून.

उघडे आहे म्हणून कोणी पाहिलेच असेल, असे मात्र समजू नये. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या मोकळ्या सॉफ्टवेअरात कोणी तरी चोरवाट घातल्याचे आढळले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या यंत्रात शिरताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. तो मागे लागला आणि चोरवाट हाती लागली. कोणी पाहत नव्हते हे खरे, पण पाहू म्हटल्यावर पाहता आले, हेही खरे.

मिटलेल्या सॉफ्टवेअरचा फटका आपल्यालाही बसलेला आहे. ट्रस्टची २००१ सालची सभासदयादी त्या वेळच्या विकतच्या फॉण्टमध्ये टंकलेली होती. आज ती उघडावी तर पडद्यावर नुसते चिन्हांचे तण माजते. महानुभावांनी लिपी हेतुपुरस्सर बदलली होती; आमची यादी कोणाच्या ध्यानीमनी नसता सकळ लिपीत गेली, आणि तिच्यासाठी राजवाडे कोठून आणावे?

आता राजकारण. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, ही अफवा फोनोफोनी पसरली होती. गुप्ततेची बाजू मांडणाऱ्याने या पाच प्रेतांवरून नजर वळवू नये. २०२१ च्या नियमांत सरकारने मोठ्या निरोपसेवांस बजावले की, आदेश मिळाल्यास एखादा निरोप प्रथम कोणी पाठविला हे सांगावे लागेल. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

आमचे मत नियमाच्या विरुद्ध पडते. पहिला पाठविणारा सापडावा यासाठी प्रत्येकाच्या प्रत्येक निरोपाचा माग राखावा लागेल. आणि माग एकदा राखला की, तो अफवाखोराचा तसा तक्रारदाराचाही राहतो. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा आली. तिने अफवा संपल्या नाहीत, पण कोणाचे पत्रही फोडावे लागले नाही. अशा उपायांकडे आधी वळावे.

यात आम्ही कोणा पक्षास बोल लावीत नाही. तार फोडण्याचा अधिकार देणारा कायदा इंग्रजांनी १८८५ मध्ये केला, आणि स्वतंत्र भारतात आलेल्या-गेलेल्या सरकारांनी तो सुखाने वापरला. मोकळ्या सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे, असे धोरण केंद्राने २०१५ मध्ये जाहीर केले. मे २०२३ मध्ये दहशतवादी वापरतात म्हणून जी १४ निरोप-ॲपे बंद केली, त्यांत एलिमेंट आणि ब्रायर ही मोकळी ॲपेही होती. सत्तेला कुलूप मिटलेले आणि पत्र उघडे असलेले आवडते. आम्हांस उलट हवे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हा हे मागणे वेड्याचे नव्हे.

पण सरकारास बोलण्याआधी आपले अंगण पाहावे. एका संस्थेत शिष्यवृत्तीसाठी आलेला अर्ज, आईच्या मिळकतीच्या आकड्यासह, छायाचित्र काढून दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकला गेला. हेतू वाईट नव्हता. अर्ज खरा आहे हे सर्वांस दिसावे एवढाच होता. ती मुलगी पुढच्या वर्षी अर्ज करावयास आली नाही. मध्ये कोणी पत्र फोडले नव्हते. ज्यांच्या हाती विश्वासाने दिले, त्यांनीच ते चौकात वाचले.

म्हणून विश्वस्तांस विनंती की, मदतीचे अर्ज यापुढे ग्रुपवर येऊ नयेत. ते सिग्नलवर दोघा विश्वस्तांकडेच यावेत, आणि ठरल्या मुदतीनंतर आपोआप पुसले जाण्याची तेथे सोय आहे ती लावून ठेवावी. नोंद वहीत राहील, ती हिशेबतपासनिसास पुरे. सभासदयादी नव्याने युनिकोडमध्ये, लिब्रेऑफिसवर टंकावी. खर्च टंकणाऱ्याच्या चहाचा.

व्याख्यानानंतर आपली तरुण मुले बाजूच्या खोलीत बसणार आहेत. ज्यांस फोनवर ही सोय करून हवी त्यांनी फोन घेऊन जावे. पासवर्ड मात्र आपल्या हातानेच घालावा. त्या मुलांस सांगू नये, आणि आम्हांसही नाही.