काटा कधीपासून चुकला?

(गणेशोत्सवात मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी नापतौल विभागातला माणूस. डिप्लोमा करून नोकरीला लागलो, तेव्हापासून तराजू, पेट्रोल पंप आणि वजनकाटे तपासतो आहे. विज्ञानावर बोला, असा कार्यवाहांचा आग्रह होता, म्हणून माझ्याच कामाची, पण फार वरच्या पातळीवरची गोष्ट सांगतो.

आधी इथली. काही वर्षांपूर्वी एका वजनकाट्यावर आम्ही प्रमाणित वजने ठेवली. रिकामा असताना शून्य अगदी बरोबर, पण भार चढला की काटा कमी दाखवायचा. केळी घेऊन आलेला एक शेतकरी शेजारी उभा होता. म्हणाला, "साहेब, हा कमी दाखवतोय कधीपासून? माझ्या तीन गाड्या यावरूनच गेल्या." काटा त्याच दिवशी बंद केला, कारवाई झाली, पण त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता उटीला चला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा तिथे ग्रेप्स-३ नावाचा प्रयोग आहे. अवकाशातले किरण हवेवर आदळले की म्युऑन नावाचे कण तयार होतात. आपण इथे बसलो आहोत तरी आपल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक जातो. उटीला ते मोजायला सहा मीटर लांबीच्या ३,७१२ नळ्या सोळा विभागांत मांडल्या आहेत. दिवसाची मोजणी सुमारे ४०० कोटी!

पण शोधायचा फरक असतो टक्का-दोन टक्क्यांचा, कधी त्याहून कमी. तेवढा फरक तर यंत्राच्या बिघाडानेही पडतो. मग खरे काय? इथे सोळा विभाग कामी येतात. आकाशात काही घडले तर ते सगळ्यांना दिसले पाहिजे. एकाच विभागाचा आकडा उतरला तर दोष घरातला समजायचा.

हवेचा दाबही फसवतो. दाब वाढला की डोक्यावर हवा जास्त आणि खाली पोचणारे म्युऑन कमी. एका हेक्टोपास्कलला साधारण ०.१३ टक्के. आपल्या भागात दाब दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. या बारा तासांच्या लयीवरूनच त्यांनी ही दुरुस्ती मोजली. चोवीस तासांची लय घेतली असती तर घोटाळा झाला असता, कारण सूर्यामुळे मूळ किरणांतही दिवसाचा फेर असतो. कुठला फरक कुणाच्या खात्यावर टाकायचा, हे ओळखणे मला सगळ्यात अवघड वाटते. १ डिसेंबर २०१४ रोजी उटीवर वादळी ढग आले आणि म्युऑन सुमारे दोन टक्क्यांनी घटले, १८ मिनिटे. त्यावरून ढगातला विद्युतदाब १३० कोटी व्होल्ट निघाला. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आधीचा हिशेब कच्चा असता तर ते दोन टक्के कोण मानणार?

शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला इटलीत सापडले. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगाने जाहीर केले की जिनिव्हाजवळच्या सर्नहून ७३० किलोमीटर आलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचतात. आइनस्टाइन चुकले, अशा बातम्या झाल्या. पुढे तपासात घड्याळाकडे जाणारी एक केबल नीट घट्ट बसलेली नाही असे आढळले. पण कधीपासून? त्याच भूमिगत प्रयोगशाळेत एलव्हीडी नावाचे दुसरे यंत्र होते. डोंगरातून आडवे येणारे म्युऑन दोन्ही यंत्रांतून जात आणि दोघांच्या जुन्या नोंदी जपलेल्या होत्या. त्या जुळवल्या, तर २००८ च्या मध्यापासून २०११ अखेरपर्यंत ऑपेराचे घड्याळ सुमारे ७३ नॅनोसेकंदांनी सरकलेले निघाले. म्हणजे दोष किती आणि केव्हापासून, दोन्ही कळले. लाज झाली, पण जुनी मोजणी सुधारता आली.

आमच्या त्या काट्यावर फक्त चिठ्ठ्या होत्या. चिठ्ठी शेतकऱ्याकडे, तीही भिजलेली. शेजारच्या काट्याशी ताळा कुणी कधी पाहिला नव्हता.

तेव्हापासून काटेवाल्यांना मी एक विनंती करतो, नियमात नसली तरी. एकच रिकामा ट्रॅक्टर आणि एकच भरलेला ट्रॅक्टर दर सोमवारी आपल्या काट्यावर घ्या, मग शेजारच्या काट्यावर, आणि दोन्ही आकडे तारीख घालून वहीत लिहा. बहुतेक जण हसतात. दोघांनी वही घातली आहे.