गाडी एक, गावं तीन: परवाना कुठला चालतो?



साक्री तालुक्यातल्या पुष्कळ गटांमध्ये सध्या एकच बोलणं आहे. पापड-कुरडया झाल्या, लोणची झाली, आता खाण्याची गाडी लावायची. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, शेवभाजी, फुनके. जुना छोटा टेम्पो घ्यायचा आणि दोन दिवस साक्रीत, दोन दिवस धुळ्याला, दोन दिवस सुरत रस्त्यानं पुढं नवापूरला उभा करायचा. हिशेब चांगला आहे. पण गाडीची चाकं जिथं जातात तिथं परवाना जातोच असं नाही. म्हणून आज तिन्ही ठिकाणचे नियम शेजारी शेजारी ठेवून बघू.

आधी सारखं काय, ते. रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी 2014 साली देशभराचा पथविक्रेता कायदा झाला. तो साक्रीला लागू, धुळ्याला लागू, नवापूरला लागू, आणि हद्दीपलीकडं गुजरातमध्ये सोनगडलाही लागू. दर पाच वर्षांनी निदान एकदा पथविक्रेत्यांची पाहणी करायची, विक्री प्रमाणपत्र द्यायचं, आणि नगर पथविक्रेता समिती नेमायची. त्या समितीत निदान 40 टक्के पथविक्रेते हवेत, आणि त्यातल्या एक तृतीयांश बाया हव्यात. म्हणजे त्या खुर्च्या आपल्यासाठीच ठेवलेल्या आहेत.

आता वेगळं काय? साक्रीत नगरपंचायत, नवापूरला नगरपरिषद, धुळ्याला महानगरपालिका. पहिल्या दोन ठिकाणी समितीचे अध्यक्ष मुख्याधिकारी, धुळ्याला आयुक्त. कोणत्या रस्त्यावर गाडी चालेल, कुठं अजिबात नाही, वेळ कोणती, फी किती, हे प्रत्येक गाव आपापलं ठरवतं. साक्रीचं प्रमाणपत्र साक्रीच्या हद्दीपुरतं. ते धुळ्याच्या रस्त्यावर दाखवून उपयोग नाही. तीन गावं म्हणजे तीन चौकश्या.

खेड्यातला आठवडे बाजार याहून निराळा. पथविक्रेता कायदा शहरांसाठी आहे. गावात ग्रामपंचायत बाजाराची फी घेते आणि पावती देते. पावती मागून घ्या, जपून ठेवा.

दोन कागद मात्र गाव बदललं तरी सुटत नाहीत. पहिला अन्नाच्या नोंदणीचा. 2006 चा अन्न सुरक्षा कायदा देशभर एकच. 2011 च्या नियमांत छोट्या धंद्याच्या नोंदणीची फी वर्षाला 100 रुपये ठरली होती. आजचा दर अर्ज भरताना बघून घ्या. मधल्या माणसानं हजारो मागितले, तर आधी सरकारी पावती दाखव म्हणा. दुसरा कागद गाडीचा. टेम्पोचा सांगाडा कापून ओटा, शेगडी, छप्पर बसवायचं असेल, तर आधी आरटीओची मंजुरी घ्या. हातगाडीला ही भानगड नाही.

आता खरी मेख ऐका. विक्री प्रमाणपत्र गटाच्या नावानं मिळत नाही, माणसाच्या नावानं मिळतं. घेणाऱ्यानं लिहून द्यावं लागतं की धंदा मी स्वतः किंवा माझ्या घरची माणसं करतील, मला पोटापाण्याचं दुसरं साधन नाही, आणि हे प्रमाणपत्र मी कुणाला भाड्यानं देणार नाही. म्हणून सही करण्याआधी हे वाचून घ्या. जी बाई रोज गाडीवर उभी राहणार, तिच्याच नावानं अर्ज करा. आपल्याकडं सवय अशी की भाकरी बाई थापते आणि कागद नवऱ्याच्या नावानं निघतो. तसं केलं तर समितीतली जागा त्याची, कर्जही त्याचं. प्रमाणपत्र देताना बायांना प्राधान्य देता येतं, असं कायदाच म्हणतो.

कर्जाचंही सांगतो. पीएम स्वनिधी योजना 2020 साली सुरू झाली. 2025 मध्ये ती नव्यानं बांधली. आता पहिलं कर्ज 15 हजारांपर्यंत, ते वेळेवर फेडलं की 25 हजार, मग 50 हजार. त्यासाठी प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा नगरपालिकेचं शिफारसपत्र लागतं.

आमच्यातल्या एका ताईची गाडी एका शहरात उचलून नेली. भाजी, पीठ, भांडी सगळं गेलं. हातात कागदाचा चिटोराही दिला नाही. कायदा काय सांगतो? हटवण्याआधी 30 दिवसांची नोटीस हवी. माल जप्त केला तर यादी करून सहीची प्रत द्यायची. नासणारा माल मागितला तर त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत, ठरलेली फी घेऊन. हे तोंडपाठ ठेवा. पण लक्षात घ्या, ज्याच्याजवळ प्रमाणपत्र किंवा पाहणीतलं नाव आहे, त्याचं म्हणणं जास्त टिकतं.

मग करायचं काय? तिन्ही गावांची घाई नको. आधी साक्रीचा कागद करा. दोघी-तिघींनी मिळून नगरपंचायतीत जा आणि तीन गोष्टी विचारा: पाहणी कधी होणार, गाडीला मोकळे रस्ते कोणते, फी किती. तोंडी उत्तरावर थांबू नका. अर्ज द्या आणि पोच घ्या. बाकीचे दिवस खेड्यांच्या बाजारात गाडी फिरवा. हात बसला, चार पैसे गाठीला आले, की धुळ्याचा अर्ज करा, मग नवापूरचा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा: गाडीवर कोण उभी राहणार? तिचं नाव अर्जावर लिहा.