लोहिताक्षाची वाट

तंजावरचे नाव निघाले की मराठी माणसाला सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. त्यातील ताडपत्रे, मोडी कागदांचे रुमाल आणि जुनी नाटके आठवतात. दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदींची आठवण मात्र क्वचितच कोणाला होते. महाराजांची कारकीर्द १७९८ ते १८३२ पर्यंतची. १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला. महाराजांपाशी किल्ला उरला आणि उरली विद्येची हौस. त्यांनी धन्वंतरी महाल चालविला, तेथे देशी वैद्यकाच्या जोडीने युरोपीय वैद्यकाचाही अभ्यास करविला. चाळीसहून अधिक नेत्ररुग्णांच्या हकीकती, डोळ्यांच्या चित्रांसह, त्या काळापासून जपून राहिल्या आहेत. रोग्याची अशी नोंद ठेवणारा राजा विरळाच.

मोतीबिंदूवर सुईने उपचार करण्याची रीत आपल्याकडे सुश्रुतापासून चालत आलेली. सुईने जेथे पोहोचता येते तेथे सुरी चालवू नये, हा विचार डोळ्यापुरता असा फार जुना आहे. रक्तवाहिन्यांच्या रोगांत मात्र तो रुजायला विसावे शतक उजाडावे लागले.

त्याचे कारणही सुश्रुतसंहितेतच सापडते. शारीरस्थानात सातशे शिरा सांगून त्यांतील अठ्ठ्याण्णव शिरांना शस्त्र लावू नये, असे बजावले आहे. मांडीच्या मुळाशी, जांघेच्या सांध्याखाली ‘लोहिताक्ष’ नावाचे मर्म आहे. तेथे इजा झाली तर रक्तस्रावाने घात होतो, असा इशारा आहे. आजचा शल्यवैद्य पायाच्या बंद पडलेल्या धमनीकडे जाण्यासाठी बहुधा जांघेतील हीच जागा निवडतो. म्हणून हे सारे प्राचीनांना ठाऊकच होते, असे म्हणण्याचा मोह कोणी धरू नये. त्यांना धोका ठाऊक होता. वाट ठाऊक नव्हती.

ती वाट स्वीडनमधील सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये सुकर केली. जागा बधिर करून धमनीत पोकळ सुई घालावयाची, सुईतून लवचिक तार आत सरकवावयाची, सुई काढून घ्यावयाची आणि तारेवरून बारीक नळी पुढे न्यावयाची. नळीतून औषध सोडले की क्ष-किरणांत धमनीचा मार्ग दिसतो. कोठे चिंचोळा झाला आहे, कोठे खुंटला आहे, हे कळते.

१६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे डॉक्टर चार्ल्स डॉटर यांच्यापुढे ब्याऐंशी वर्षांची एक वृद्धा आली. पायाची बोटे सडू लागली होती. पाय कापावा, असा वैद्यांचा सल्ला होता आणि तिने त्यास साफ नकार दिला होता. डॉटर यांनी तारेवरून एकाहून एक जाड नळ्या घालून धमनीचा अडलेला भाग रुंद केला. पाय उबदार झाला, जखमा भरल्या, आणि ती अखेरपर्यंत स्वतःच्या दोन पायांवर चालली. पुढे ग्रुंट्झिग यांनी नळीच्या टोकाला फुगा बसविला आणि १९७७ मध्ये झुरिक येथे तो हृदयाच्या धमनीपर्यंत नेला. मग वाट उघडी ठेवणाऱ्या धातूच्या जाळ्या आल्या. १९९० मध्ये पारोदी यांनी पोटातील महाधमनीच्या धोकादायक फुगवट्यात जांघेतूनच कापडी अस्तराची नळी बसविली.

कावेरीच्या खोऱ्यात, चिखलात उभ्याने भाताची लावणी करणाऱ्या माणसाला या इतिहासाशी कर्तव्य नाही. त्याला पाय हवा आहे. मधुमेह आणि तंबाखू धमन्या चिंचोळ्या करतात. आधी चालताना पोटरी धरते, थांबल्यावर सुटते. ते थकव्यावर जाते. मग रात्री निजल्यावरही पाय ठणकतो, आणि एखादी क्षुल्लक जखम चिघळत राहते. पोटरी धरू लागते तेव्हाच तंबाखू सोडून, नियमित चालून आणि औषधे घेऊन पुष्कळ साधते. बोटे काळी पडल्यावर आलेल्या रोग्यासाठी नळी आणि फुगा दरवेळी पुरे पडतातच असे नाही. उघडलेली धमनी पुन्हा आकसू शकते, क्ष-किरणांसाठी दिलेले औषध अशक्त मूत्रपिंडांना बाधू शकते; काहींना जुनी, मोठी शस्त्रक्रियाच हितकर ठरते.

काम आटोपून नळी बाहेर निघाली की वैद्य किंवा परिचारिका जांघेतील त्या जागी बोटे घट्ट दाबून धरते. बराच वेळ कोणी हात उचलीत नाही. त्यानंतरही रोग्याने पाय सरळ ठेवून काही तास उताणे पडून राहावयाचे असते. लोहिताक्षाचा धोका तेथे अजूनही तसाच आहे.