चंचीतला अडकित्ता, पर्समधला चाकू



खंडेनवमी जवळ आली. पेठेतल्या तालमींत लाठ्या, पट्टे, फरी-गदके पुसायला निघतील. दारात गाड्या धुतल्या जातील, त्यांना झेंडूचे हार पडतील. आपण विळी, कात्री, शिवणयंत्र पुजू. या सगळ्यात एक पातं मात्र आता पूजेला दिसेनासं झालंय. आज्जीच्या चंचीतला अडकित्ता आणि त्याच्या शेजारी ठेवलेला घडीचा लहान चाकू. आज आम्ही त्यांच्याबद्दल बोलणार आहोत.

हत्यार म्हटलं की आपल्याला तलवारच आठवते. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात गेलं की पोरं तलवारींपुढून हलत नाहीत. पण रोज अंगावर वागवलेलं पातं बायकांकडंही होतं. नऊवारीच्या कमरेला खोचलेली चंची आठवा. कापडाचे कप्प्यावर कप्पे, गुंडाळायचे आणि वर दोरी आवळायची. एका कप्प्यात पानं, एकात सुपारी, मग कात, लवंग, चुन्याची डबी आणि सगळ्यात आत अडकित्ता. दोन दांड्या, एक खीळ, एक पातं, बस्स. पण सुपारीसारखी कठीण वस्तू म्हातारीच्या बोटांच्या जोरावर कातरली जायची, कारण दांड्या लांब आणि सुपारी खिळीच्या जवळ. तरफेचा नियम शाळेत कुणी शिकवला नव्हता, हाताला ठाऊक होता. दांड्या कधी मोराच्या, कधी घोड्याच्या, कधी बाईच्या आकाराच्या. रोज वापरायच्या वस्तूला कारागिरानं एवढं नटवावं, ही त्या वापरणारीचीही पत म्हणायची.

चाकूचं घर वेगळं. बोरू तासायला कारकुनांकडं लहान चाकू असायचा, त्याला कलमतराश म्हणत. मोडी कागदांची जी दप्तरं आज कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहेत, ती लिहिणाऱ्या बोरूंना टोक याच पात्यानं आलं. बोरू गेला, चाकू पेन्सिलीला आला, पेन्सिलीला टोकयंत्र आलं आणि चाकू फडताळात गेला. तिथून बायकांनी तो उचलला. दोरा तोडायला, आंबा चिरायला, शेतात गेलं की काटा काढायला. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवायचं म्हणून हाच. नवरदेवाच्या हातातल्या कट्यारीला लिंबू टोचतात, आणि घरात कट्यार नसेल तर हाच चाकू पुढं येतो.

हे सांगायचं कारण असं. घरातली आज्जी गेली की तेराव्यानंतर ट्रंक उघडतात. लुगडी वाटली जातात, दागिन्यांवरून थोडी धुसफूस होते, आणि चंची तशीच भंगाराच्या पोत्यात जाते. पितळ वजनावर विकलं जातं. आमच्या गल्लीतली एक काकी म्हणाली, "आईच्या अडकित्त्याचं पैसं आलं, पण त्यात वाटीभर सुपारीबी आली नस्ती." आम्ही हसलो, पण ते लागलं.

पुण्यात दिनकर केळकरांनी नेमक्या अशाच वस्तू गोळा केल्या. 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणारे ते केळकर. दिवे, अडकित्ते, फण्या, कुंकवाच्या डब्या. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहानपणी गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं नाव त्या संग्रहालयाला आहे. तिथले अडकित्ते बघितले की कळतं, आपण किलोवर काय घालवतोय. सगळ्यांनी संग्रहालय काढावं असं आम्ही म्हणत नाही. घरातला एक अडकित्ता, एक चाकू ठेवला तरी पुष्कळ. त्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा : कुणाचा, कुठून आला, कशाला वापरायची. नाव नसेल तर नातीला ते नुसतं जुनं पितळ.

आता जपायचं कसं. आपला हात आधी चिंचेकडं जातो. पितळ झळझळतं खरं, पण पातं लोखंडाचं, त्याला आंबट चालत नाही. दोन दिवसांत गंज धरतो आणि घासून घासून नक्षीही झिजते. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, पात्याला आणि खिळीला शिवणयंत्राचं तेल थेंबभर लावा आणि सुती कापडात गुंडाळा. चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवू नका, चामडं ओल धरतं. लाकडी मूठ पाण्यात बुडवू नका. मूठ हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असेल तर ती विकायच्या किंवा विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्या व्यवहाराला बंदी आहे.

जवळ बाळगण्याचं काय? भाजीची सुरी, अडकित्ता यांना परवाना लागत नाही. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी, घरकामाची, शेतीची किंवा कारखान्याची नसेल तर, शस्त्रात धरली आहे. पण १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात, बहुतेक सण, मोर्चे, निवडणुका आल्या की. त्या दिवसांत लहान सुराही रस्त्यावर बाळगता येत नाही. पेपरात तो आदेश छापून येतो, तो वाचत जा. विमानानं जाणाऱ्यांनी पातं हातातल्या बॅगेत ठेवूच नये.

आणि एक गोष्ट आम्हाला स्पष्ट बोलायची आहे. पोरी कॉलेजला, कामाला उशिरापर्यंत बाहेर असतात, तेव्हा "पर्समध्ये एक चाकू टाक" असा सल्ला आया देतात. सिनेमातल्या रामपुरीनं आपल्या डोक्यात ते भरवलंय. चाकू उघडायला दोन्ही हात लागतात, वेळ लागतो, आणि समोरच्याच्या हातात जोर जास्त असेल तर तो चाकू आपल्यावरच उलटतो. मर्दानी खेळात पोरी घाम गाळून शिकतात ते आधी पाय टाकायला आणि हात सोडवायला, पातं फार उशिरा हातात येतं. तेव्हा पोरीला तालमीत घाला. ११२ हा नंबर मोबाईलमध्ये पहिल्या बोटावर ठेवायला सांगा. पर्समधला चाकू पेरू कापायला असू द्या.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आम्ही आमच्या गल्लीतल्या ट्रंका उघडणार आहोत. ज्यांच्याकडं अडकित्ता निघेल त्यांनी पूजेच्या ताटात विळीशेजारी ठेवा, आणि ज्यांच्याकडं आज्जी अजून आहेत त्यांनी तो त्यांच्या हातात द्या. सुपारी आमच्याकडून.